पेटीचे मेस्त्री आणि त्यांचा दुसरा धंदा

आम्ही फोंडाघाटच्या बचतगटाच्या बायका बोलतोय. आज काजूबियांचा दर नाही, कोंबडीपालन नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज पेटीबद्दल बोलायचं ठरवलंय. पेटी म्हणजे भजनातली बाजाची पेटी, हार्मोनियम. खरं तर पेटीपेक्षा ती सुरात लावणाऱ्या माणसांबद्दल. त्यांचं पोट कशावर चालतं, आणि आधीच्या पिढ्यांचं कशावर चालत होतं, हे आम्ही जमेल तसं शोधून काढलं. का शोधलं, ते आधी सांगतो.

गेल्या श्रावणात आम्ही भजनाची पेटी माळ्यावरून खाली काढली. गणपतीत घरोघरी भजनं असतात, आमचं बायकांचं मंडळही चार-पाच वाड्यांवर जातं. पेटी उघडून भाता हलवला, तर पट्टीला बोट न लावताच एक सूर आपला वाजतोय. दुसरीकडे मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या मुक्या. आणि भात्यातून हवा अशी सुटत होती की चूल फुंकावी. मेस्त्रींना फोन केला. चार वेळा केला. ते कणकवलीकडे एका बंगल्याची दारं बसवायला गेले होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी आले, पेटी उघडली, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "वैनीनू, उंदरान भातो कुरतडल्यान. सूर पण उतरलेहत. बावीसशे पडतले."

आमच्यात लगेच कुजबुज. एकीने तोंडावरच विचारलं, "मेस्त्रीनू, सुताराची दोन दिवसांची हजेरी किती? बावीसशे कित्या?" मेस्त्री रागावले नाहीत. म्हणाले, "सुताराची हजेरी सुताराक. ह्या सुराचा काम हा."

त्याच आठवड्यात आम्ही घरोघरी कुटुंबांच्या माहितीचे फॉर्म भरत होतो. त्यात दोन रकाने असतात. एक मुख्य व्यवसाय, दुसरा जोडधंदा. मेस्त्रींच्या ओटीवर बसून आम्ही विचारलं, मुख्य काय लिहू? ते म्हणाले, "पेटी लिवा." आतून वहिनींचा आवाज आला, "पेटयेर पोट भरता काय? सुतार म्हणान लिवा." मेस्त्री गप्प झाले. आम्ही पेन धरून बसलो. तो रकाना त्या दिवशी कोराच राहिला, आणि तिथून आमच्या डोक्यात हा विषय शिरला.

सुरुवात लांबून करतो, पियानोपासून. पियानो आपल्यातल्या बहुतेकींनी जुन्या हिंदी सिनेमातच पाहिला असेल, नायक त्यावर बसून गातो आणि नायिका जिन्यावरून उतरते. हे वाद्य १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने बनवलं. पहिले पियानो हलके होते, लाकडी चौकटीचे. तेव्हा वाजवणारा स्वतःच तारा पिळून घ्यायचा, आपला बुवा जसा पखवाजाला कणीक लावून घेतो तसा. एकोणिसाव्या शतकात आत लोखंडाची चौकट आली, तारा जाड झाल्या आणि खूप ताणल्या गेल्या. मोठ्या पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टन भरतो. पंधरा-वीस टन म्हणजे जांभ्या दगडाचे दोन-तीन ट्रक. हे काम घरच्या माणसाच्या हातचं राहिलं नाही. मग किल्ली घेऊन घरोघरी फिरणारा, फक्त सूर लावणारा माणूस जन्माला आला.

या धंद्याच्या इतिहासात एक माणूस आम्हाला फार आवडला. क्लोद मोंताल. जन्म १८०० सालचा, फ्रान्समधला. लहानपणीच डोळे गेले. पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेत ज्यांनी ठिपक्यांची लिपी काढली ते लुई ब्रेलही होते. मोंताल आणि त्याच्या एका सोबत्याने शाळेच्या पियानोचे सूर आपणच लावून पाहायला सुरुवात केली. नेहमी येणाऱ्या सूर लावणाऱ्याने तक्रार केली, की आंधळी पोरं वाद्य बिघडवतात. शाळेने त्यांना मनाई केली. तेव्हा त्यांनी एक जुना पियानो मिळवला, सगळा सुटा केला आणि पुन्हा जुळवला. पुढे मोंतालने या कामावर पुस्तक लिहिलं, ते १८३६ साली छापलं गेलं. अंध माणसांना सूर लावायला शिकवण्याची प्रथा तिथून युरोपभर आणि अमेरिकेत पसरली. पण मोंतालसुद्धा नुसत्या सूर लावण्यावर राहिला नाही. त्याने शिकवलं, पियानो दुरुस्त केले, पुढे स्वतः बनवून विकले.

तिकडच्या बहुतेक सूर लावणाऱ्यांचं असंच होतं. कोणी रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, कोणी मुलांना शिकवायचा, कोणी मोडके पियानो घेऊन नीट करून विकायचा. कारण उघड आहे. वाद्य वर्षातून एकदा-दोनदाच सुरात लावायचं असतं. एका गावात पन्नास पियानो असले तरी वर्षाची शंभर कामं झाली, बाकीचे दिवस रिकामे. पियानोची भरभराट होती तेव्हाही हे होतं. अमेरिकेत १९०९ या एका वर्षात साडेतीन लाखांच्या वर पियानो तयार झाले. नंतर ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि लोक घरी वाजवण्यापेक्षा ऐकू लागले. आम्ही रेडिओवरूनच हे बोलतोय, हेही लक्षात आहे आमच्या.

आपल्याकडे पियानो आला तो साहेबांबरोबर, आणि गोव्यात पाद्र्यांबरोबर पाश्चात्त्य संगीत त्याच्याही आधी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर, व्हायोलिन, चर्चची गाणी शिकवणारा एक मास्तर असायचा, त्याला पोर्तुगीज भाषेत 'मेस्त्र' म्हणत. आपण सुताराला मेस्त्री म्हणतो तो शब्द याच पोर्तुगीज शब्दावरून आला. म्हणजे गाणं शिकवणारा आणि दार बसवणारा, दोघांना एकच नाव. 'पगार' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. मेस्त्री आणि पगार एकाच गलबतातून उतरले, पण दोघांची गाठ काही नेहमी पडत नाही.

गोव्यातले हे शिकलेले वाजवणारे पोटासाठी मुंबईला गेले. तिथे धोबी तलावाच्या भागात वाद्यांची दुकानं होती. फुर्तादोस हे त्यातलं जुनं, १८६५ सालापासूनचं. मुंबईच्या पावसाळ्यात पियानोचं लाकूड फुगतं, तारा गंजतात, पट्ट्या अडकतात. म्हणून कितीतरी घरांत पियानोच्या पोटात एक विजेचा बल्ब सतत पेटता ठेवत, ओल धरू नये म्हणून. आपण पावसाळ्यात पापडाच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवतो, त्यातलाच प्रकार.

पण पियानो घाट उतरून आमच्याकडे आला नाही. आली ती पेटी.

पेटीचा जन्मही परदेशातलाच. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारायची पेटी होती. आपले गवई बसणार जमिनीवर, मांडी घालून. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली वाद्यांचं दुकान काढलं आणि हाताने भाता मारायची, मांडीपुढे ठेवायची पेटी बनवली. एक हात भात्याला, एक हात पट्ट्यांवर. ही पेटी डोक्यावरून नेता येते, बैलगाडीत टाकता येते, एसटीच्या टपावर बांधता येते. म्हणूनच ती खेड्यांत पोचली.

महाराष्ट्रात पेटीला मोठं केलं ते संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, त्यानंतर नाटक कंपन्यांचं पेवच फुटलं. साथीला आधी सारंगी, मग पायपेटी आणि ऑर्गन. गोविंदराव टेंबे पेटीचे मोठे वादक, १९१३ साली बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांतले. आपल्या कोकणाचं नावही या वाद्यात लहान नाही. गोविंदराव पटवर्धन गुहागर तालुक्यातल्या अडूरचे, तुळशीदास बोरकर गोव्यातल्या बोरीचे, त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. या वादकांची नावं निदान लिहिलेली सापडतात. त्यांच्या पेट्या कोणी सुरात ठेवल्या, ती नावं शोधायला गेलं तर हाताला फार थोडी लागतात. नाटक कंपनीत हे काम कोण करायचं? आमचा अंदाज असा, की पडदे-खुर्च्या सांभाळणारा सुतारच करत असेल, किंवा साथीदार स्वतः.

सूर लावायचा म्हणजे करायचं काय, ते मेस्त्रींनी आम्हाला दाखवलं. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांना सूर किंवा रीड म्हणतात. हवा गेली की जीभ थरथरते. जिभेच्या टोकाला जरा खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या, डबल सुरांची असली तर ८४ जिभा. प्रत्येक जीभ तिच्या जोडीदाराशी जुळवायची. दोन सूर जवळ आले पण नीट जुळले नाहीत, तर आवाज हेलकावे खातो, वाँव-वाँव असा. जुळत आले की हेलकावा सावकाश होतो आणि जुळले की थांबतो. हे सगळं कानाने. आणि एकदा जास्त खरवडलेलं पितळ परत येत नाही. मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो, इथे ती सोय नाही.

या जिभा आपल्याकडे मुख्यतः गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. जुन्या पेट्यांत जर्मनीचे सूर असत, अजून कोणाच्या घरी तशी पेटी निघाली तर मेस्त्रींचे डोळे चमकतात.

पेटीचा सूर खरा की खोटा, यावर शंभर वर्षं भांडण चाललंय. गवई म्हणतात, आपल्या सप्तकात बावीस श्रुती, पेटीत पट्ट्या बाराच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास श्रुतींची वेगळी पेटी बनवून घेतली. देवल होते डेप्युटी कलेक्टर. म्हणजे बघा, सरकारी अधिकाऱ्याने फावल्या वेळात सूर लावले तर तो अभ्यास, आणि सुताराने लावले तर जोडधंदा! देवलांच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे, पण हे मनात आलं ते सांगितलं.

मग १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदीच घातली. पेटीतून मींड निघत नाही, सूर ठरावीक, आपल्या गाण्याला ती शोभत नाही, असं म्हणणं होतं. रवींद्रनाथ टागोरांसारखी मोठी माणसंही पेटीच्या विरोधात होती. ही बंदी १९७१ पर्यंत चालली, आणि मग हळूहळू सैल झाली. तीस वर्षं रेडिओवर पेटी नाही. आता विचार करा, त्या काळात पेटीवर पोट असलेल्यांचं काय झालं असेल. शहरात प्रतिष्ठा गेली. पण कीर्तन, भजन, तमाशा, आमच्याकडचा दशावतार, कोणीच रेडिओला विचारून पेटी वाजवत नव्हतं. आमच्या मते या धंद्याला जिवंत ठेवलं ते देवळातल्या भजनाने.

दुसऱ्या धंद्याची एक गोष्ट घाटावरच्या मिरजेची. आमच्या वडीलधाऱ्यांनी पेट्या, तबले आणले ते कोल्हापूर-मिरजेहूनच. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे, गूळ-मिरची खाली यायची, त्याच वाटेने. मिरजेचे सतार बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आलं, संस्थानांच्या फौजा गेल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा फरीदसाहेब या कारागिराने तंबोरे, सतारी दुरुस्त करायला आणि पुढे बनवायला घेतल्या. पंढरपूरकडचे मोठे भोपळे मिरजेला येऊ लागले. त्यांचा दुसरा धंदा पहिला झाला आणि पहिला नाहीसा झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसं. सगळ्यांचं असं नशीब निघत नाही. पण लोखंडाला धार लावणारा हात तारेलाही कामाला आला, हे खरं आहे.

आता आमच्याकडचं सांगतो. दशावतारात काम करणारे आठवा. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर ही जुनी मंडळं. रात्रभर राजा होऊन तलवार फिरवणारा माणूस पावसाळ्यात चिखलात भात लावतो. पिंगुळीच्या ठाकर समाजातले कळसूत्री बाहुल्यांचे, चित्रकथीचे कलावंतही बाकीचे दिवस शेती-मजुरी करत आलेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. म्हणजे एका धंद्यावर न राहणं ही आमच्या मेस्त्रींची एकट्याची गत नाही, सगळ्या कोकणाचीच आहे. चार महिने धो धो पाऊस असलेल्या मुलखात एकच काम बारा महिने पुरत नाही.

मेस्त्रींचं वर्ष आम्ही त्यांच्या ओटीवर बसून लिहून काढलं. शिमगा झाला की सुतारकाम. छपरांचे वासे, दारं, खिडक्या, पाऊस येईपर्यंत उसंत नाही. आषाढात स्वतःची लावणी. मग गणपतीची शाळा, म्हणजे मातीकाम आणि रंगकाम, चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत. आणि नेमक्या याच दिवसांत सगळ्या पंचक्रोशीला आपली पेटी माळ्यावर असल्याची आठवण येते! वर्षातली निम्म्याहून जास्त पेटीची कामं या तीन आठवड्यांत. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात, तेव्हा दशावताराच्या पायपेट्या. पौष-माघात सप्ते, डबलबारीची भजनं. यात पेटीचे दिवस मोजले तर वर्षाचे साठ-सत्तर. सुतारकामाचे दीडशेच्या आसपास.

आम्ही बावीसशेचा हिशोबही मांडला, कारण भांडण तिथूनच सुरू झालं होतं. कापड, चामडं, दोन नवे सूर, डिंक, मिळून साडेतीनशे. उरले अठराशे पन्नास. काम अडीच दिवसांचं. दिवसाचे पडले ७४०. सुतार म्हणून त्यांची हजेरी ९०० ची. म्हणजे आमच्या पेटीसाठी त्यांनी दिवसाला १६० रुपये सोडले होते, आणि आम्ही त्यांनाच महाग म्हणत होतो. जिने आधी विचारलं होतं, तिनेच हा हिशोब गटाच्या बैठकीत वाचून दाखवला.

सरकारी मोजणीत अशी माणसं कुठे जातात, तेही पाहिलं. इंग्रजांच्या १९०१ च्या खानेसुमारीत मुख्य धंदा आणि दुय्यम धंदा असे दोन वेगळे रकाने होते. आताच्या जनगणनेत वर्षातले १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, कमी केलं तर सीमांतिक. मेस्त्री सुतारांत मोजले जाणार. शंभर वर्षांनी कोणी कागद उघडले तर त्याला दिसेल, या गावात सुतार होते, शेतकरी होते. पेट्या होत्या, पण त्या सुरात लावणारं कोणी नव्हतं!

आणि आता जे सांगायचं ते. आमची पेटी तयार झाल्यावर आणायला आम्ही दोघी गेलो. पहाटेची वेळ होती. मेस्त्री सूर लावायचं काम पहाटेच करतात, लाकूड कापायचं मशीन सुरू व्हायच्या आधी. एकदा कटर सुरू झाला की दिवसभर कान भणभणतो, मग बारीक हेलकावा ऐकू येत नाही. पूर्वी करवत आणि रंधा हाताचा होता, तेव्हा हा प्रश्न नव्हता. मशीन आलं, सुतारकामाचे पैसे वाढले आणि कान गेले. आमच्या आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर कान हळूहळू कमी होतात, आणि गेलेले कान परत येत नाहीत. लाकडाच्या कटरचा आवाज त्याहून बराच मोठा. ज्या धंद्यावर घर चालतं, तोच धंदा आवडीच्या धंद्याला आतून खात होता.

त्या पहाटे आम्ही पाहिलं ते असं. मेस्त्री जीभ हातात धरून खरवडतायत आणि वहिनी भाता मारतायत. वरच्या सप्तकातल्या एका सुरापाशी मेस्त्री थांबले आणि त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "अजून हलता. जरासो." त्यांनी पुन्हा खरवडलं. "आता रवला." मग पुढचा सूर.

आम्ही विचारलं, हे कधीपासून? वहिनी हसल्या. भात्याचं कापड तर लग्न झाल्यापासून त्याच चिकटवतात, पट्ट्यांखालची फ्लॅनेल कापतात, स्प्रिंगा बसवतात. वरचे सूर ऐकायला लागून तीन-चार वर्षं झाली, मेस्त्रींना ते नीट लागेनात तेव्हापासून. कोणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल मेस्त्री बहिरा झाला, बायको सूर लावते. फॉर्मवर त्यांच्या नावापुढे आम्हीच काय लिहिलं होतं? "गृहिणी." जोडधंद्याच्या रकान्यात आडवी रेघ. आम्हीच मारलेली. वर्षानुवर्षं गटाचं काम करणाऱ्या आम्ही!

पुढे झालं ते थोडक्यात सांगतो. वहिनींना दुरुस्तीच्या सामानासाठी पैसे हवे होते. पालिताण्याहून सूर एकदम मागवले तर स्वस्त पडतात, पण पैसे आधी भरावे लागतात. एका बँकेत त्या गेल्या, तिथे विचारलं, धंद्याचा पुरावा काय? दुकान आहे का, पाटी आहे का? काहीच नव्हतं. मग त्यांच्या गटाने अंतर्गत कर्जातून पंधरा हजार द्यायचा ठराव केला. बैठकीत एक-दोघींनी हरकत घेतली, की तीन आठवड्यांच्या धंद्यावर हप्ते कसे फेडणार. प्रश्न बरोबर होता. उत्तर असं निघालं, की हप्ता दरमहा न घेता दोनदा घ्यायचा, गणपतीनंतर एकदा आणि जत्रा संपल्यावर एकदा. प्रोसिडिंगमध्ये कर्जाचं कारण लिहिलं "हार्मोनियम दुरुस्ती", नाव वहिनींचं. पहिला हप्ता अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवसांनी जमा झाला.

मेस्त्री आता कटरवर काम करताना कानाला मफ लावतात. आधी लाजत होते, पोरं हसतात म्हणून. वहिनींची पुतणी बारावीला आहे, ती मोबाईलवर सुराचं ॲप लावून बसते. ॲपचा काटा हिरवा झाला तरी वहिनी कधी कधी मान हलवतात आणि ती पोरगी चिडते. कोण बरोबर, ते आम्हाला सांगता येणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ आडिवऱ्याला तर बंद पडलेला ऑर्गन नव्याने बनवू लागलेत, तिथे तिला घेऊन जायचं चाललंय.

तो फॉर्म आम्ही दुरुस्त केला. वहिनींच्या पुढे मुख्य व्यवसाय शेती, जोडधंदा पेटी दुरुस्ती. मेस्त्रींचा रकाना भरताना पुन्हा तोच वाद झाला. शेवटी वहिनींच म्हणाल्या, "लिवा काय लिवचा ता, दिवस सुताराचे लिवा आणि नाव पेटयेचा लिवा." फॉर्ममध्ये तशी सोय नाही. सुतार लिहिलं.

आता कामाचं. यंदा पेट्या श्रावणात आणू नका, ज्येष्ठातच आणा. वहिनी दर गुरुवारी दुपारी समाजमंदिरात बसतात. पेटी पावसाळ्यात जाड सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. आत दोन डांबरगोळ्या ठेवा, म्हणजे कसर आणि झुरळं लांब राहतील. आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटं वाजवा, वाजवता येत नसेल तर नुसता भाता हलवा, नातवंडांकडून हलवून घ्या. पट्टी अडकली तर सुरीने उचकटू नका. आणि कृपा करून सुरांवर खोबरेल तेल सोडू नका. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकीने सोडलं होतं. ते साफ करायला वहिनींचे दोन दिवस गेले, आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. यंदा घेणार आहेत.